माझ्या फोटोखालचं शेवाळ

समुद्र मला भेटला तो वासासकट, आणि तो वास मला कधीच आवडला नाही. समुद्री शेवाळावर पीएच.डी. केलेल्या बाईने असं बोलू नये अशी लोकांची अपेक्षा असते, म्हणून मी हे फारसं कुणाला सांगत नाही. पण खरं ते खरं. किनाऱ्यावरच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरायचो, तपकिरी शेवाळ कापून पोत्यांत भरायचो आणि वर घेऊन यायचो. पोत्याचं तोंड सोडलं की आतून असा भपकारा यायचा की मी श्वास रोखून मागे सरायचे. कुजलेली मासळी, जखमेला लावायचं आयोडीन आणि ओलं चामडं, सगळं एकदम.

ते शेवाळ हाताने धुवावं लागायचं. पानं चामड्यासारखी जाड, त्यांच्यावर बुळबुळीत थर, आणि त्या थरात बारीक किडे उड्या मारत असायचे. चिकटलेले शिंपले ब्रशने खरवडायचे, मग पानं सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. शेवटी बाटलीच्या तळाशी डांबरासारखा एक काळपट चिकटा उरायचा. तो माझा संशोधनाचा विषय. संध्याकाळी मेसमध्ये वरणभात कालवायला हात पुढे केला की नखांतला वास नाकात यायचा. मी चमच्याने जेवायला शिकले ती तिथेच.

दर रविवारी बाबांचा फोन यायचा. बाबा भद्रावतीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मशिनिस्ट होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना शुगर बरीच वर्षं होती. मी काय करते ते त्यांना समजून घ्यायचं असायचं, वरवर नाही, नीट. एकदा मी त्यांना सांगितलं की भात पोटात गेला की त्याची साखर होते, आणि ती करायला शरीरात एक एन्झाइम असतं. ते कात्रीसारखं काम करतं. भातातल्या लांब साखळ्या कापून त्यांची साखर सुटी करतं. तपकिरी शेवाळातले काही पदार्थ त्या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतात, मग कापणं मंदावतं आणि साखर रक्तात हळूहळू जाते.

बाबांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे कटर जाम करते."

"हो, तसंच. पण बाबा, हे सगळं काचेच्या नळीत."

पहिलं वाक्य त्यांनी आयुष्यभरासाठी लक्षात ठेवलं. दुसरं त्यांच्यापर्यंत बहुधा पोचलंच नाही.

पुढे डिग्री मिळाली, चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली, आणि मी भद्रावतीला आईबाबांकडे राहायला आले. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने यायचं. मी आल्याच्या महिन्यातच एका स्थानिक पेपरात बातमी आली. मी त्या वार्ताहराशी फोनवर बोलले होते. शेवाळातले घटक 'संभाव्य' आहेत, असं मी त्याला सांगितलं होतं. छापून आलं ते असं: भद्रावतीच्या कन्येने समुद्रातून शोधले शुगरवर औषध. खाली माझा पासपोर्ट फोटो, बाबांनी परस्पर दिलेला.

मग विहाराच्या सभागृहात सत्कार ठरला. मी नको म्हणत होते, पण बाबांनी नवी पँट शिवायला टाकली होती, त्यामुळे बोलणंच खुंटलं. सभागृह भरलं होतं. फॅक्टरीतले बाबांचे जुने सोबती, त्यांच्या बायका, शाळेतल्या माझ्या बाई. एका पुढाऱ्याने माईक हातात घेऊन सांगितलं की आपल्या समाजाच्या लेकीने समुद्राला नमवलं, आता शुगर नावाचा रोग इतिहासजमा होणार. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझी बोलायची पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की हे औषध नाही. काचेच्या नळीत काहीतरी दिसलंय, उंदरांमध्ये थोडंसं दिसलंय, माणसांत काय होईल ते मला माहीत नाही, आणि कुणीही आपल्या गोळ्या बंद करू नयेत.

खूप टाळ्या पडल्या. पुढाऱ्याने माईक परत घेतला आणि म्हणाला, एवढी शिकली तरी किती नम्र आहे पाहा. तेव्हा माझ्या घशाशी जे आलं तो राग नव्हता. किळस होती. गोड बोलण्याचीही किळस येऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रमानंतर लोक भोवती जमले. कुणी रिपोर्ट दाखवला, कुणी गोळ्यांची रिकामी पट्टी. एका बाईंनी चप्पल काढून पाय सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर ठेवला. तळव्याला जखम होती, कडांना पांढरी, मध्ये पिवळी. तिच्यावर हळद दाबलेली होती आणि माश्या बसत होत्या. मी त्यांना म्हटलं, बाई, हे आजच्या आज डॉक्टरला दाखवा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर तर पाय कापतो म्हनते. म्हनून तं तुमच्याकडे आली."

बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, सावली तालुक्यातल्या एका गावाहून त्या कार्यक्रमाला आला होता. त्याची तिथे धानाची शेती आहे आणि गावाला लागूनच जुना मोठा तलाव आहे. काका हौशी माणूस. कधी मधमाश्या पाळल्या, कधी अळंबी लावली, कशातच फार दिवस टिकला नाही, पण प्रत्येक वेळी अगदी मनापासून. त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला होता. पेपराची चार-पाच कात्रणं त्याने पिशवीत घालून घेतली. जाताना मला विचारलं, "शेवायच ना बेटा? आपल्या तलावात अस्ते ते?"

मी म्हटलं, "नाई काका. ते समुद्रातलं वेगळं अस्ते. तपकिरी. आपल्याकडचं ते नाई."

त्याने मान हलवली. मला वाटलं कळलं.

उन्हाळ्यापासून बाबांची शुगर वाढत गेली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या आणि मग सांगितलं की आता इन्सुलिन सुरू करावं लागेल. घरी आल्यावर बाबा म्हणाले की सुई लावायची नाही. मला वाटलं भीती वाटत असेल. फॅक्टरीत सगळी हयात काढलेला माणूस सुईला घाबरतो याची मी थोडी थट्टाही केली.

"सुईले भेत नाई मी," बाबा म्हणाले. "तुझं औषध येते तोवर थांबतो."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांना सांगितलं की माझं असं कुठलंही औषध येणार नाहीये. ज्या पदार्थावर मी काम केलं तो पुढे कुणी शुद्ध करेल, कुणी प्राण्यांवर तपासेल, मग माणसांवर, आणि शंभर पदार्थांतले नव्व्याण्णव याच वाटेवर गळून पडतात. कात्री अडवणाऱ्या गोळ्या बाजारात आधीपासूनच आहेत, डॉक्टरांना ठाऊक आहेत, आणि बाबांची शुगर आता त्यांच्याने आवरण्यापलीकडे गेली आहे.

"किती वर्सं लागतीन?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाई. कदाचित कधीच नाई."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल वाईट बोलले. "तू अशी काऊन बोलून राह्यली?" एवढंच म्हणाले आणि चपला घालून कॉलनीच्या रस्त्याने फिरायला निघून गेले. आई म्हणाली, थोडा वेळ दे, मी समजावते. आम्ही दोघींनी मिळून पुष्कळ समजावलं. त्यांनी गोळ्या घेत राहीन असं कबूल केलं, सुईचं नाव काढू दिलं नाही.

पावसाळा संपला आणि कडक ऊन पडायला लागलं, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कॉलेजातून आले, फ्रिज उघडला आणि दार तसंच धरून उभी राहिले. आत वास होता. नासलेल्या दुधाचा नव्हे, भाजीचाही नव्हे. डुकरांच्या वाड्यावरून जाताना येतो तसा, त्यात कच्च्या गवताचा थोडा गोडसर अंश. मी ताकाचं भांडं हुंगलं, डाळ हुंगली. मागच्या बाजूला स्टीलची बाटली होती. झाकण फिरवलं तेव्हा आतली हवा फसकन बाहेर आली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं.

बाटलीत हिरवा लगदा होता. रंगाच्या डब्यात असतो तसा चकचकीत हिरवा, वरच्या कडेला निळसर. बोट बुडवलं तर त्यातून बारीक दाणे निसटत होते, रव्यासारखे मऊ. बोट धुतलं तरी नखाच्या कडेला हिरवं राहिलंच.

आईला विचारलं. तिने आधी नजर चुकवली, मग सांगितलं की काकाने सावलीहून पाठवलंय, एसटीच्या कंडक्टरच्या हाती दर आठवड्याला बाटली येते. बाबा रोज सकाळी उपाशीपोटी ताकात घालून पितात. महिना होऊन गेला.

"आणि गोळ्या?"

आईने फ्रिजचं दार लोटलं. मग म्हणाली, "ते म्हनते, हे घेतल्यावर त्या घ्याच्या नाई. दोन्ही मिळून शुगर जास्त उतरन."

बाबा आतल्या खोलीत झोपले होते. मला आधी दिसायला हवं होतं ते मी तेव्हा पाहिलं. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे, उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा. अलीकडे त्यांना मळमळायचं, ते आम्ही वयावर आणि उन्हावर ढकललं होतं. मी बाटली बाथरूममध्ये नेऊन ओतली. तो लगदा पाण्याबरोबर जाईना. फरशीला चिकटून बसला, मोरीच्या जाळीवर साचला, आणि मी खराट्याने ढकलत राहिले तसा वास वर येत राहिला. बाबा उठून दारात येऊन उभे राहिले. मी काय करते ते पाहिलं. त्यांनी मला अडवलं नाही, रागावलेही नाहीत. पण मी त्यांची एखादी ठेवणीतली वस्तू फोडून टाकावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"माह्यासाठी पाठोलं होतं त्याने," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांना दवाखान्यात नेण्याचं मी सोमवारवर टाकलं, कारण आमचे डॉक्टर रविवारी बसत नसत, आणि बाबा म्हणत होते की बरं वाटतंय. मी चंद्रपूरला जाऊन मूल गावावरून जाणारी गाडी पकडली आणि सावलीला उतरले. तिथून गाव जवळच. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलेलं, बांधावर बगळे. गावात शिरण्याआधीच तलावाची पाळ लागते. मी पाळीवर चढले.

लहानपणी मी या तलावात उतरलेली आहे. शिंगाडे काढलेत. आता अर्धा तलाव हिरवा होता. झाडांचं प्रतिबिंब हिरवं दिसतं तसा नव्हे. कुणीतरी तेलरंगाचे डबे आणून ओतावेत तसा. वारा इकडच्या बाजूला होता, त्यामुळे सगळी साय काठाला येऊन जमली होती, जाड, सुरकुतलेली, मध्येमध्ये फुगे आलेली. फुगा फुटला की तोच वास. काठाच्या चिखलात दोन मासे पोट वर करून पडले होते, त्यांच्या कल्ल्यांत हिरवं भरलं होतं. खरं तर याला शेवाळ म्हणणंही चूक आहे. ही जंतूंचीच एक जात, पाण्यात खत आणि शेण उतरलं, ऊन मिळालं की अशी माजते. तिच्या काही प्रकारांत यकृत खराब करणारं विष असतं. असं पाणी पिऊन गुरं मेल्याचं मी वाचलं होतं. पण मराठीत सगळ्याला एकच शब्द. समुद्रातलं ते शेवाळ, न्हाणीघरातलं ते शेवाळ, आणि हेही शेवाळ.

काका घरामागच्या खळ्यावर होता. जुन्या मच्छरदाणीची झोळी करून त्याने साय गाळून आणली होती आणि ताडपत्रीवर पातळ पसरली होती. ऊन तापलेलं होतं, त्यामुळे कडा वाळून त्यांच्या पापड्या झाल्या होत्या आणि मधलं अजून ओलं, त्यावर माश्यांचा थर. शेजारी म्हैस बांधलेली. ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावरून कुत्रं चालत गेलेलं, त्याच्या पायांचे ठसे वाळलेल्या हिरव्यावर स्पष्ट उमटले होते. ओसरीत घरचा मिक्सर आणि पुडीच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर कागद चिकटवलेला. त्या कागदावर माझा पासपोर्ट फोटो होता, खाली 'डॉक्टर' आणि माझं नाव, आणि त्याखाली 'समुद्री शेवाळ, शुगरवर'.

मी पिशवी हातात घेतली. माझ्या चेहऱ्याखाली ती हिरवी पूड दाबून भरलेली होती. आजवर पुष्कळ घाण मी हाताळली आहे. पण स्वतःच्या फोटोची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. मी ती पिशवी खाली ठेवली आणि हात ओढणीला पुसला.

काका आनंदाने उठला होता. काकूला चहा ठेवायला सांगत होता. मी त्याला सांगितलं की हे बंद करा, सगळं, आत्ता. बाबांना मळमळतंय, ते गोळ्या घेत नाहीयेत, हे विष असू शकतं. मी त्याला यकृताचं सांगितलं, गुरांचं सांगितलं, तलाव असा हिरवा का होतो तेही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. दुखावला होता, पण भांडत नव्हता.

"बेटा, समुद्रातलं पानी अन् तलावातलं पानी, पानीच ना?" तो म्हणाला. "तिकडचं मीठाचं हाय, हे गोडं. मी म्हनतो, हे जास्तच चांगलं असन. गोड्या पान्यातलं."

"काका, मी तुम्हाला विहारातच सांगितलं होतं, ते वेगळं हाय म्हणून."

"सांगतलं होतं. मले वाटलं, एवढ्या लोकांसमोर तू मोठेपना नाई करून राह्यली."

म्हणजे माझं नाही म्हणणंही त्याच्या लेखी होच होतं. तेवढ्यात तो आत गेला आणि पेला घेऊन आला. त्यात ओला लगदा ताकात कालवलेला होता. मी धावत जाईपर्यंत त्याने तो तोंडाला लावला आणि एका दमात प्याला. माझ्याकडे पाहून हसला. मिशीच्या केसांवर हिरवा थेंब लोंबत राहिला होता. "पाह्य. काई होते का मले? मी रोज घेतो."

मी खळ्याच्या कोपऱ्यात जाऊन ओकले. सकाळचा चहा आणि पोळी, मग नुसतंच पिवळं पाणी. काकूने येऊन पाठीवर हात ठेवला, तांब्याने चूळ भरायला पाणी दिलं. ते पाणी कुठलं असं मी विचारलं. बोअरचं आहे म्हणाली. मग माझी पाठ चोळता चोळता, नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "कोंबड्या मेल्या ना आपल्या. मच्छरदानी धुतलेलं पानी पेल्या होत्या. साऱ्या मेल्या."

काकाने तिच्याकडे पाहिलं. तिने हे आधी त्याला सांगितलं होतं की नाही ते मला कळलं नाही. तो म्हणाला, "कोंबड्या दरवर्षी मरतेत. मानमोडी येते." पण हातातला पेला त्याने खाली ठेवला, आणि मिशी पुसली.

मी चहा न पिता निघाले. पिशव्या फाडून मी ती पूड म्हशीच्या शेणात कालवणार होते, पण तसं केलं नाही. एक पिशवी सोबत घेतली. परतीच्या एसटीत ती मांडीवर ठेवायला नको वाटत होती, म्हणून खाली पायांत ठेवली. शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेली.

मूलच्या पुढे असताना आईचा फोन आला. मी निघाल्यापासून बाबांना उलट्या होत होत्या आणि आता ते नीट ओळखत नव्हते. फॅक्टरीतल्या सोबत्यांनी गाडी करून त्यांना चंद्रपूरला आणलं. मी उतरून सरळ दवाखान्यात गेले.

शुगर मशीनच्या पलीकडे गेली होती. यकृताचे आकडेही वाढलेले होते. मी डॉक्टरांसमोर पिशवी ठेवली. त्यांनी ती उघडून हुंगली आणि लगेच बांधली. ते म्हणाले की यकृताचं याच्यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण गोळ्या महिनाभर बंद असल्यावर शुगरचं व्हायचं तेच झालंय. मग त्यांनी बाबांचे मोजे काढायला सांगितले. बाबा उन्हाळ्यातही मोजे घालायचे, फॅक्टरीची सवय. उजव्या पायाचा मोजा निघेना. करंगळीजवळ तो आतल्या ओलाव्याने चिकटला होता. सिस्टरने सलाईनचं पाणी सोडून तो सोडवला. बूट चावून आलेला फोड असणार, बाबांना तो जाणवलाच नव्हता. करंगळी काळी पडली होती. खोलीत जो वास पसरला त्याने शेजारच्या पेशंटचे नातेवाईक बाहेर निघून गेले.

मी बाहेर गेले नाही. मला जावंसं वाटत होतं हे लिहायला लाज वाटत नाही. माझ्या बापाचा पाय होता तो, आणि माझं शरीर मागे मागे ओढत होतं. पुढचे कितीतरी दिवस ते ड्रेसिंग बघताना, मग करंगळी काढल्यावरची पट्टी बदलताना, मला रोज तसंच व्हायचं. तोंडाने श्वास घ्यायचा आणि हात चालवत राहायचं. किळस प्रेमाने जाते असं लोक म्हणतात. माझी तरी गेली नाही. दोन्ही एकाच खोलीत राहिली.

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा बाबांनी विरोध केला नाही. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस ते फार कमी बोलले. तिसऱ्या दिवशी सिस्टर सुई देऊन गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे कायपासून बनवते?"

मी खरं ते सांगितलं. "जंतूंपासून. मोठ्या टाकीत जंतू वाढवतात, त्यांच्याकडून करून घेतात, मग साफ करतात."

बाबांनी तोंड वाकडं केलं. अगदी मनापासून शिसारी आल्यासारखं. "जंतू? हे आंगात टाकून राह्यले माह्या?"

"तुम्ही महिनाभर ताकात घालून प्यायले तेही जंतूच होते, बाबा. साफ न केलेले."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसले, हातातली सलाईनची सुई हलली म्हणून विव्हळले, आणि परत हसले. दवाखान्यातल्या त्या दिवसांत तेवढी एकच वेळ मला बरी आठवते.

काका भेटायला आला तो बाबांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. भावाच्या पायाकडे त्याने पाहिलं आणि पलंगाच्या दांडीला धरून रडला. बाबांनीच त्याला समजावलं. "तू चांगल्यासाठीच केलं," ते त्याला म्हणाले. "तुले काय माहीत." काकाने डोळे पुसले. मी त्याला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मला वाटलं होतं आता तो सगळं बंद केल्याचं सांगेल.

चहा घेता घेता तो हळू आवाजात म्हणाला, "तुह्या मनासारखं केलं बेटा. फोटो काढून टाकला पाकिटावरून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे अजून विकून राह्यले तुम्ही?"

"लोक मांगून राह्यले ना. भाऊचं तं गोळ्या बंद केल्यानं झालं, डॉक्टरच म्हनला. मी आता सांगतो सगळ्यायले, गोळ्या बंद करू नका म्हनून." हे त्याने अशा चेहऱ्याने सांगितलं जणू मी शाबासकी द्यायची आहे.

मी चहा तसाच टपरीच्या फळीवर ठेवला. त्याच्याशी मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते कधी परत घेता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन मी अन्न आणि औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात गेले आणि तक्रार दिली, सख्ख्या काकाच्या विरोधात. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन करून सांगितलं की घरोघर जाऊन हे पिऊ नका म्हणून सांगा, आणि माझं नाव घेऊन सांगा. त्यांनी ते केलं. चौकशीला माणसं गेली तोवर थंडी पडली होती, वारा फिरला होता, तलावावरची साय बसून गेली होती, आणि काकाच्या ओसरीत नुसत्या रिकाम्या पिशव्या मिळाल्या. त्याला समज देऊन सोडलं. गावात आणखी कुणाला काय झालं याचा नीट पत्ता मला कधीच लागला नाही. दोघांना उलट्या झाल्याचं आशाताई म्हणाल्या. विकत नेलेल्यांपैकी बाकीचे कोण, कुठले, काकालाही सांगता येत नव्हतं.

घरात यावरून बराच काळ धुसफूस चालली. आई माझ्या बाजूने होती पण बोलायची नाही. बाबांना मी तक्रार केल्याचं फार लागलं. भावाला कार्यालयात उभं केलं, हे त्यांना पायाच्या बोटापेक्षा जास्त दुखलं असावं. मी त्यांना एकदाच विचारलं की विहारात ज्या बाईंनी मला तळवा दाखवला होता त्यांनी हे घेतलं असतं तर? ते म्हणाले, त्याने मुद्दाम थोडंच केलं. मला हे मान्य नाही, आजही नाही. डोळ्यांसमोर करंगळी नसलेला भावाचा पाय पाहूनही ज्याला फक्त फोटो काढून टाकावासा वाटतो, त्याच्या भाबडेपणाबद्दल माझ्या मनात दया येत नाही. तो हिरवा लगदा मोरीच्या जाळीवर अडकून बसला होता तसं ते वाक्य माझ्यात बसलंय.

समुद्री शेवाळावर काम करणारे माझे जुने सहकारी अजून काम करतायत. त्यांचे पेपर मी वाचते. काही निष्कर्ष खरंच चांगले आहेत, आणि एखाद दिवशी त्यातून काही निघालं तर मला आनंदच होईल. वर्गात शिकवताना मी ते सगळं सांगते, आणि कुठपर्यंत कळलंय आणि कुठून पुढे कळलेलं नाही, ते फळ्यावर उभी रेघ मारून दाखवते.

बाबा आता स्वतःची सुई स्वतः घेतात, पोटाला चिमटीत धरून, मशिनवर काम करत असल्यासारखे, डोळे बारीक करून. शुगर बऱ्यापैकी आटोक्यात आहे. मी सकाळी एसटीसाठी तयार होत असते तेव्हा त्यांचा आणि काकाचा फोन सुरू असतो. धान कापलं का, मळणीला मजूर मिळाले का, म्हैस किती दूध देते. बाबा हसतात, मोठ्याने. मधूनच फोन माझ्यापुढे धरतात, बोल म्हणून. मी पर्स खांद्याला लावते, हाताने नाही म्हणते, आणि गाडीची वेळ झाली असं सांगून बाहेर पडते.